रोज दोनदा लागलेले लग्न

मी, कृष्णाबाई महादेव भोईर, वय अठ्ठ्याहत्तर, काम धवलारीण, राहणार विचुंबे, तालुका पनवेल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही न ऐकता (ती सवय मला कधी नव्हतीच) हे माझे मृत्युपत्र करीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गेल्या रविवारपासून छातीत जी धडधड आहे ती आजाराची नाही. मी जे पाहिले त्याची आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

परक्यांसाठी लिहिते. आमच्या आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीच धवले गाते. तिचा धवला पुरा झाला म्हणजे लग्न लागले. अर्ध्या तालुक्याची लग्ने मी अशी लावली आहेत.

खाडीच्या कडेला आमचे मिठागर होते. ती जमीन गेली आणि तिथे आता सागररंग नावाची करमणूक नगरी उभी आहे. माझा मुलगा कुंदन, त्याची मुलगी रिया तिथे नोकरीला. तिकिटाच्या खिडकीवर बसते, असे घरात सांगितलेले. रविवारी मी शेजारच्या मालूला घेतले आणि रिक्षाने बघायला गेले. फाटकातच थांबले. जिथे आमचे पाणी आटायचे तिथे आभाळाला टेकलेला पाळणा! पुढे टोपली घेतलेली तीन मजली कोळीण, आणि पोरे तिच्या टाचेला टेकून फोटो काढतात. थर्माकोलची मिठाची रास, तिच्यावरून घसरगुंडी. माझ्या नवऱ्याचे तळपाय ज्या मिठाने चिरले, त्याची घसरगुंडी! मी आ वासून बघत राहिले, तेवढ्यात खांबावरून गाणे सुरू झाले. आवाज माझा होता.

मालू म्हणाली, "आगं कृष्णे, तू तं हितं हायस. मंग गातंय कोन?"

मागे दोन मुले 'संग्रहालयासाठी' म्हणून माझा अख्खा धवला भरून घेऊन गेली होती. हेच ते संग्रहालय.

आवाजामागे गेलो तर मांडव. मांडवात नवरी, हळद लावलेली, मुंडावळ्या बांधलेली. ती रिया होती! शेजारी एक उंच पोर. माझ्या धवल्यावर दोघांनी एकमेकांना हार घातले, लोकांनी अक्षता टाकल्या, टाळ्या पिटल्या आणि सगळे वडापाव खायला गेले. संध्याकाळी पुन्हा तेच लग्न, तीच नवरी, तोच नवरा. तोवर मी तिथेच बसून होते. खुर्ची कोणी दिली ते आठवत नाही.

घरी आल्यावर रिया म्हणाली, "सॉरी आजी. शो आहे गं तो. पप्पांना नको सांगूस."

"आनि तो पोर?" मी विचारले. तर ती रडायलाच लागली. पोराचे नाव प्रणित नाखवा, उरणच्या कोळ्यांचा. आता पुढच्या महिन्यापासून नवरा बदलणार आहेत आणि प्रणितला पाळण्याच्या कामावर टाकणार आहेत. "दुसऱ्याच्या गळ्यात हार नाही घालू शकत मी. पहिल्या शोला तुझा आवाज आला ना, तेव्हाच आम्ही दोघांनी मनातून खरं लग्न केलं."

कुंदनला कळले तेव्हा तो उभ्या उभ्या भडकला. "कोल्यांच्यात पोर देनार नाय. आनि नाटक हाय ते आये, लगीन नाय!"

"नाटक तुमचं असंल," मी म्हटले. "मी जल्मात खोटा धवला म्हनला नाय."

त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून ही घाई.

कलम १. रिया आणि प्रणित यांचे लग्न मी लावले आहे, असे मी येथे जाहीर करते. वकील हेतल मॅडम म्हणाल्या, "आजी, हे कायद्यात बसत नाही." बसत नसेल तर मांडी घालून बसवा, म्हटले. पोरांनी नोंदणी करावी असे त्या सुचवतात. ती त्यांनी जरूर करावी.

कलम २. विचुंब्याचे घर माझ्या कमाईचे आहे. ते रिया आणि तिचा नवरा प्रणित या दोघांचे. माडीवरची खोली कुंदनला तहहयात. जावयाच्या हातचा चहा प्यावा लागेल, त्याला माझा इलाज नाही.

कलम ३. नथ रियाला. मिठागरातले लाकडी दाताळे, ज्याने कुंदनच्या बापाने मीठ ओढले, ते कुंदनला. नगरीवाले मागायला आले तर देऊ नये. खोटी रास त्यांच्याकडे आहेच, दाताळेही खोटे करून घ्यावे.

कलम ४. चुलतदीर काशिराम याने जमिनीच्या कागदावर सर्वांत आधी सही केली आणि नगरीच्या उद्घाटनाला नाचलाही. त्याला काही नाही. त्याने माझ्या नावाने पाळण्यात एक फेरी घ्यावी आणि आपले मिठागर कुठे होते ते वरून शोधावे. सापडले तर त्याच्या थोरल्या भावजयीला, रमा वहिनींना सांगावे, त्या बिचाऱ्या अजून विचारतात.

कलम ५. माझा आवाज रियाच्या मालकीचा. तो खांबावरून बंद करावा. नवी पोरे उभी करतील, आणि मेलेल्या बाईचा आवाज परक्यांची लग्ने लावत राहील, या विचाराने मला झोप लागत नाही. धवलारीण आधी दोन्ही घरांना विचारते, मगच तोंड उघडते. खांब कोणाला विचारणार?

कलम ६. तेच माझ्याही मनाला लागले आहे. प्रणितची आई मला भेटून गेली, तिचा होकार आहे. मुलीच्या बापाला मात्र कोणी विचारलेच नाही. म्हणून दुसरा साक्षीदार म्हणून मी कुंदनला बोलावले आहे. त्याच्यावर बळजबरी नाही. नाही आला तर शेजारचा बाळू सही करील आणि घर तरीही पोरांचेच राहील. पण कुंदन आला तर मला बरे वाटेल. तो माझा एकुलता एक आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, दोन ठिकाणी मी बदलून घेतले, आता ते माझेच बोलणे आहे.

ठिकाण: पनवेल
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६

सही: कृष्णाबाई महादेव भोईर

कृष्णाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: मालू गोविंद मढवी, रा. विचुंबे. नाते: शेजारीण

साक्षीदार २: कुंदन महादेव भोईर, रा. विचुंबे. नाते: ('मुलगा' हा शब्द खोडून, स्वतःच्या अक्षरात) नवरीचा बाप