कोणाच्याच भिंतीला न लागलेले घर

मार्गशीर्ष शु. ३, सोम.
हे पहाटे बैलगाडीने धडगावला गेले. मोजणीचे काम, पौर्णिमेपर्यंत येणे नाही. सुमीला नववा चालू. लेकीचे पहिले बाळंतपण नव्या घरातच व्हावे, हा यांचाच हट्ट. घर चांगले आहे, चारी बाजूंनी उजेड. पण जुन्या पेठेच्या टोकाला, एकटे. गल्लीत होतो तेव्हा भिंतीवर थाप मारली की पलीकडून जाऊबाई विचारायच्या, काय गं? इथे थाप मारली तर पाल पळते.

शु. ५, बुध.
दूध अर्धा शेर जास्त, सुमीसाठी. कोरीट गावची सखूबाई दूधवाली बातमी घेऊन आली. स्टेशनाकडच्या वकिलांच्या बंगल्यात चोर शिरले. "घरमा बायाच व्हत्यात. चोरस्ले आधीच ठाऊक व्हतं."
यांचे जुने जोडे उंबऱ्याबाहेर मांडले. धुतलेले धोतर पुन्हा भिजवून दांडीवर घातले, साबण नाही लावला. स्वयंपाकघरातून मोठ्याने, अहो, ऐकलं का? सुमीला हसू आवरेना. "आई, बाबा घरी असतात तेव्हा तू एवढं बोलत नाहीस."

शु. ८, शनि.
सखूबाईने जोड्यांकडे बोट केले. "माय, साहेबना जोडास्वर धूळ कशी नई? तठेच शेतस कवयनात." कधीचे तिथेच पडून आहेत, हे तिने हेरले. मी दूध ओतून घेत राहिले. मग हळूच म्हणाली, "मी कोनले सांगाव नई." सांगणार नाही, खरेच. पण तिला कळले ते वाटेने जाणाऱ्या कोणालाही कळेल.
ती गेल्यावर जोड्यांना रस्त्यावरची धूळ चोळली. संध्याकाळी जपात मन नाही. मणी सुटतात.

शु. १०, सोम.
सकाळी जोड्यांची तोंडे रस्त्याकडे. मी घराकडे करून ठेवली होती, माणूस आत गेल्यावर राहतात तशी. सुमीने हात लावलेला नाही. सखूबाई अजून यायची होती. कुत्र्याने ओढले असते तर असे शेजारी शेजारी, नीट...


शु. ११, मंगळ. एकादशी
जाऊबाई टांग्याने आल्या. ओसरीवर उभ्या राहून चारीकडे पाहिले. "हवा भरपूर आहे हो इंदिरे. माणूस तेवढं नाही." मग म्हणाल्या, "भाऊजी धडगावला गेलेत असं कानावर आलं."
का कोण जाणे, तोंडातून गेले, छे, कालच आले. मागे विहिरीवर आहेत.
"मग माझं काय काम," म्हणाल्या. चहासुद्धा घेतला नाही. टांगा वळला तेव्हा मागे वळकटी दिसली. राहायलाच आल्या होत्या. हाक मारायची होती. मारली नाही. एकादशीला खोटे, आणि तेही कोणाशी. चोरासाठी रचलेले सोंग मी आपल्याच माणसापुढे केले.

शु. १२, बुध. दुपार
सखूबाई दूध घालून गेली आणि सुमीला कळा सुरू झाल्या. आधी थांबून थांबून, आता जवळ जवळ. रस्त्याला तासाभरात कोणी नाही, एक गाडी गेली ती न थांबता. सुईण पेठेत आहे, मलाच जावे लागणार. वाटेत जाऊबाईंचे दार लागते. पाय धरीन.
कुंपणाच्या निवडुंगामागे सकाळपासून कोणीतरी बसून आहे. गुराखीही असेल. विडीचा धूर दिसतो.
बाहेरून कुलूप घातले तर घरात पुरुष नाही हे चावडीवर सांगितल्यासारखेच. आतून कडी घातली तर सुईण आल्यावर उघडायला सुमी उठणार कशी? सुमी म्हणते, "आई, कुलूप नको गं. कोंडू नकोस मला." मागे काही झाले तर यांना कळावे म्हणून लिहून ठेवते.
भरल्या घराचे दार दिवसा कोणी लावत नाही. उघडे टाकून निघते.