पानं उलटणारी

३ मार्च १९८८, साउथहॅम्प्टन

शेजारच्या मिस हार्डविक वीस वर्षांनी लोकांपुढे पियानो वाजवणार! अल्काँ नावाच्या फ्रेंच संगीतकाराला जाऊन येत्या २९ तारखेला शंभर वर्षं होतात, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये त्याचंच संगीत. तोही असाच — वीसेक वर्षं मंचाकडे फिरकला नाही, साठीच्या आसपास पुन्हा आला. बाई वाजवताना समोरच्या नोटेशनची पानं उलटायला मी. ते वाचायला त्यांनीच शिकवलंय, नाही म्हणायची सोय नाही.

८ मार्च

भलतंच काम! अल्काँला इतकी घाई की पान उघडतंय तोच संपतं. उलटणारीने वाजवणाऱ्याच्या डावीकडे बसायचं आणि डाव्या हाताने उलटायचं. माझा उजवाच पुढे जातो — थेट बाईंच्या नाकासमोरून. दोन ओळी झाकल्या. "लेफ्ट हँड, सुमन!"

पुस्तकाला डावा हात लावला की आई फटका द्यायची. पन्नाशी आली तरी हात विसरत नाही.

११ मार्च

टेलिफोन डिरेक्टरीवर सराव. शिल्पा म्हणते, "आई, इट्स ओन्ली पेपर! सरस्वती रागावणार नाही, प्रॉमिस." सोळा वर्षांची पोर आईला शिकवते. हसू आलं, रागही आला.

१७ मार्च

पुन्हा उजवा. बाई मधेच थांबल्या. "मागच्या वेळी अशीच थांबले होते. ऑल दोज आइज — सगळे माझ्या हातांकडे बघत होते."

एवढ्यासाठी वीस वर्षं! आणि मी आपली त्यांना शिष्ट समजत होते. माझ्यामुळे त्या परत थांबल्या तर मला जन्मात चैन पडणार नाही. म्हटलं, दुसरं कुणी बघा.

२२ मार्च

निरोप नाही. भिंतीपलीकडे पियानो चालू.

२८ मार्च

दारातून चिठ्ठी सरकवलेली — उद्या साडेसहाला ये. साडी नेस, ती मोठ्या पदराची. आता हे काय नवीन?

२९ मार्च

पियानोच्या डावीकडे खुर्चीच नव्हती. मग दिसली — उजवीकडे, बाईंच्या आणि लोकांच्या बरोबर मधे!

"यूज युअर राइट हँड," बाई कुजबुजल्या. "आणि इथून हलू नकोस."

सगळ्या हॉलला माझी पाठ आणि पदर दिसला. बाईंनी शेवटपर्यंत वाजवलं.