वीतभर कापलेली स्टुलं

तलासरी,
११ मार्च १९६३

ती. दादास हिरकणीचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं बरी आहोत, तुम्हीही सगळे बरे असा, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. यंदा इकडे ऊन लवकर तापलं. शिवणकाम बऱ्यापैकी येतं. बाजाराच्या दिवशी बायका झंपरं टाकून जातात, पुढच्या बाजाराला घेऊन जातात.

मशीनवर मी बसते. हे शेजारी बसून सांगतात, कुठं धरायचं, कुठं सोडायचं. ह्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, सदरा मी चढवते. मान वळत नाही. कुणी हाक मारली तर अख्खे वळतात. अकरा वर्षं तुझ्या डहाणूच्या दुकानात कोट शिवून नवऱ्याची ही गत झाली.

तू लिहितोस, कारागीर सोडून गेले, आता तूच मशीनवर बसतोस, आणि चार महिन्यांत मान धरली. बोटांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला. दादा, वाचून मला बरं वाटलं. देवासमोर खोटं बोलेन, तुझ्याशी नाही. तेवढा भाग मी पुन्हा एकदा वाचला.

ती स्टुलं आठवतात ना? कापडाचे तागे ठेवायला तू दुकानात माळा घातलास. तो इतका खाली आला की मशीनवर बसलेल्याचं डोकं आपटायचं. दुसरा कुणी माळा वर घेतला असता. तू सुतार बोलावून स्टुलांचे पाय वीतभर कापून घेतलेस! तेव्हापासून गुडघे वर, खांदे कानाशी, हात मशीनवर टांगलेले. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत. लग्नसराईत जेवणसुद्धा तिथंच. हे एकदा म्हणाले, "दादा, जरा उंच बसायला पायजे." तू म्हणालास, "कोट शिवतोस का राज्य करतोस?" सगळे हसले. हेही हसले.

मग चिंचणीच्या त्या बागाइतदाराच्या लग्नाचा कोट. बेतताना ह्यांचा हात सुन्न पडला आणि कात्री भलतीकडे गेली. त्या परक्या माणसासमोर तू काय बोललास, ते मी विसरले नाही. "बहीण दिली म्हणून पोसतोय, नायतर हा कामचोर कधीच हाकलला असता." हे घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तुझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

आता माझं सांगते. रोज सकाळी तव्यावर मीठ तापवून मीच त्यांचा खांदा शेकायची आणि मीच हातात डबा द्यायची. दोनदा म्हणाले, दुसरीकडं काम बघतो. मी म्हटलं, दादाला वाईट वाटेल. माहेरच्या अब्रूपायी मी नवऱ्याचा हात घालवला. तुझ्यावर जो राग आहे त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे. पण तोही मी तुझ्यावरच काढणार.

शेवटी तू लिहिलंस, "चुकलं माझं. चंदरला एकदा घेऊन ये, त्याचे पाय धरतो." त्याचं मी काय केलं ते ऐक.

ह्यांना अक्षर येत नाही, तुला ठाऊक आहे. अजून कागदाच्या पट्टीला खाचा पाडून मापं ठेवतात. पोस्टमन आला तेव्हा ओटीवरच बसले होते. "दादाचं का गं?" इथं आल्याला दीड वर्ष झालं, पोस्टमन दिसला की हाच प्रश्न. आल्यागेल्याला अजून सांगतात, दादांनी मला बाही बसवायला शिकवली, नाहीतर धाकट्या डहाणूला मासळीची जाळी विणत बसलो असतो. मी म्हटलं, "अंबूआत्याचं आहे." म्हणाले, वाच.

मी वाचलं. तुझं पत्र हातात धरून, अंबूआत्याचं म्हणून. चिकू चांगला धरलाय, म्हैस व्याली, धोंडीचं लग्न ठरलं. तोंडाला येईल ते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "दादाचं काय लिवलंय का त्यात?"

"एक अक्षर नाही," मी म्हटलं. ते अख्खे भिंतीकडे वळले.

तुझी माफी मी त्यांना कळू देणार नाही. कळली तर पहिल्या एस.टी.नं डहाणूला येतील आणि तुझीच मान चोळत बसतील. ते माफ करून मोकळे, तू माफी मिळवून मोकळा. मग मी काय करू, दादा? माझ्यापाशी एवढंच उरलंय.

पुन्हा पत्र घातलंस तर तेही मीच वाचणार आहे. इथं एक माणूस तुझ्या दोन ओळींची वाट बघतो. तिथं तू त्याची बघ.

तुला माफ न करणारी,
तुझीच बहीण
हिरकणी