अबोल्यातलं टपाल

सर्जेराव पाव्हणे यांना काकासाहेबाचा वाळूजहून रामराम.

गुडघा कसा आहे? नव्या सूनबाई खुलताबादेत रुळल्या का? इकडं सगळे धडधाकट. तुमच्या ताईंची तब्येतही उत्तम आहे, असं भांड्यांच्या आवाजावरून वाटतं. पत्र बघून घाबरू नका. फोनच करणार होतो, पण आमच्या घरात स्पीकरवर टाकल्याशिवाय फोन होत नाही, आणि काही गोष्टी एकट्यानं ऐकायच्या असतात.

तर विषय शिक्षणाचा आहे. आमच्या गोकुळची श्रेया यंदा दुसरीत गेली. गोकुळ आणि तनुजा दोघंही कंपनीच्या बसनं जातात, म्हणून शाळेच्या सभेला मी गेलो. बाई म्हणाल्या, पोरगी बोलते लई, पण लिहायला बसली की दोन शब्द टाकून पेन्सिल ठेवते. 'गाय दूध.' संपलं. (देते का पिते, ते वाचणाऱ्यानं बघून घ्यावं.) घरी आणून तिला 'माझी शाळा' लिहायला बसवलं, तर म्हणते, कशाला लिहू, तुम्ही आत्ताच तर शाळा बघून आलात!

त्याच सुमारास तुमच्याकडचं लग्न झालं आणि पंगतीत माझ्या तोंडून बुंदीबद्दल शब्द गेला. (उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरं काय?) ताईंनी परतीच्या वाटेवरच अबोला धरला. मग रीतीप्रमाणं निरोप श्रेयाच्या तोंडून सुरू झाले. सांग तुझ्या आज्याला, चहा झालाय. सांग तुझ्या आजीला, साखर विसरलीस. पोरगी पळून पळून दमली, तेव्हा माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, पोरी, आता निरोप लिहून आण, तोंडी चालणार नाय.

पहिली चिठ्ठी आली, 'आजोबा जेवण.' मी जागचा हललो नाही. आजोबांना जेवण वाढलंय का आजोबांचं जेवण बंद केलंय, याचा खुलासा मागवला. आतून जे उत्तर आलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण पोरीनं खोडून आणलं, 'आजोबा जेवायला या.' तोवर पिठलं गार झालं होतं, तरी कौतुकानं एक भाकरी जास्त खाल्ली. तिथून गाडी लागली मार्गाला. 'आजी विचारते चष्मा कुठं ठेवला.' 'आजोबा म्हणतात भाजीत मीठ नाही.' 'आजी म्हणते उद्यापासून तुम्ही करा.' मग 'पण', 'कारण', 'म्हणून' हेही यायला लागले (भांडणाला त्यांच्यावाचून भागतच नाही). 'आजोबांना चहा नाही कारण त्यांनी मामाआजोबांच्या बुंदीला नावं ठेवली.' केवढं लांब वाक्य, बघा! बाईंनी शाबासकी दिली आणि घरी कोण शिकवतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आम्ही दोघं मिळून.

पाव्हणे, पोरीचं बरं चाललंय, माझं नाही. ती शाळेत गेली की घरात आम्ही दोघंच, आणि निरोपाला माणूस नसतं. परवा ताईंना ठसका लागला, मी धावत पाणी नेलं. त्या प्याल्या, तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडं बघत बसल्या. जन्मभर म्हणत आलो, ही बाई किती बोलते! आता त्या बोलण्यावाचून जेवण गोड लागत नाही.

तुमचा,
काकासाहेब

ता. क. : बुंदी मऊ होती. एवढं माझ्या नावानं ताईंना फोनवर सांगा, म्हणजे उपकार होतील. (स्पीकरवर चालेल.)

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायला श्रेयाकडं दिलं, तर तिनं सगळं पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि थेट मला म्हणाल्या, बुंदी दगड होती, मला काय दात नायत? पण माझ्या भावाच्या मांडवात ते तुम्ही बोलायचं नाय. मी म्हटलं, व्हय. मग चहा झाला, साखरेसकट. तेव्हा आता फोन करू नका. केलात तरी बुंदीचा विषय नको. पत्र मात्र धाडतोय, कारण खाली जागा उरली होती आणि श्रेयाला तुम्हाला काही लिहायचं होतं. तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

'मामाआजोबा, आजी आणि आजोबा आता दिवसभर बोलतात म्हणून मला काही काम नाही. तुम्ही परत बुंदी पाठवा.'