पाण्याची गोळी अन् दीक्षाचे उंदीर

अंजनगाव सुर्जी,
रविवार

आदरणीय शेषराव भाऊजी,

सप्रेम जयभीम. इकडे आमी बरे आहो. म्हणजे आशा बरी आहे, माझं खाली सांगतो. तुमची अन् ताईची तब्येत कशी आहे ते कळवावं, पण खरं कळवावं.

दोन महिन्यांमागं माझे पाय सुजले. डॉक्टरनं लघवी मोकळी करणारी पाण्याची गोळी देली. ("पंधरा दिवसांनी रक्त तपासा," म्हणे. रक्त काहून? मले तेव्हाच शंका आली.) त्याच आठवड्यात तुमच्या दीक्षाले डबा द्यायले अमरावतीले तिच्या फार्मसी कॉलेजात गेलो, तर टेबलावरच्या बाटलीवर माझ्याच गोळीचं नाव! पोरगी ते औषध पांढऱ्या उंदरांले पाजून राहिली होती. पिंजऱ्याखाली नरसाळं, नरसाळ्याखाली मापाची नळी, अन् वहीत लघवीचे आकडे. एका गटाले नुसतं पाणी, दुसऱ्याले बेताची मात्रा, तिसऱ्याले भलतीच. तिसऱ्या गटाच्या किडन्या थकल्या, हे तिनं हसत हसत सांगतलं. भाऊजी, पस्तीस वर्षं मी घरोघरचे विजेचे मीटर वाचले. आपण कोणत्या गटात आहो हे डॉक्टरनं आपल्याले सांगतलंच नाही, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

घरी येऊन गोळी बंद केली. आशासमोर तोंडात टाकायची अन् तिची पाठ फिरली का मोगऱ्याच्या कुंडीत थुंकायची. लघवी मात्र लोणच्याच्या जुन्या बरणीत रोज मोजत होतो. (आशाले बरणी सापडली. ती काय बोलली, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) नवव्या दिवशी पाय चपलेत शिरेना. बाजारातून आलो तर असा दम लागला, का घराच्या तिसऱ्या पायरीवरच बसलो. खरं सांगतो, भेव वाटलं.

आशानं फोन केला, मामीचा आवाज ऐकून दीक्षा पहिल्या एसटीनं आली. दवाखान्याच्या वाटेवर म्हणे, "मामा, उंदराले विचारता येत नाही. तुमाले तर तोंड आहे, मंग काहून नाही विचारलं?"

मंग डॉक्टरले विचारलं. मात्रा बेताचीच होती. किडनीवर ताण येतो का, अंगातले क्षार घटतात का, हे पाहायलेच रक्त तपासतात म्हणे. माझ्या किडन्या ठणठणीत निघाल्या. गोळी सुरू झाली, सूज उतरली. (रक्त दुसऱ्या लॅबमध्येही तपासलं. आकडा तोच! दोघांची सोयरीक आहे का, ते पाहून राहिलो.)

तुमचा,
सहदेव

ता. क. : हे पत्र दीक्षानं लिहायले लावलं. तुमाले पण तीच गोळी आहे, अन् तुमी ती खिशात घालून तुमच्याकडच्या जठारपेठेत फिरता, असं ताई म्हणते. फोनवर सांगतलं तर तुमाले ऐकू येत नाही. उद्याच रक्त तपासा.

आणखी ता. क. : बुधवारी मी येऊन राहिलो. मोजे घालून बसू नका. पायाले बोट दाबून सूज पाहीन.