आईच्या शेवटच्या कोड्याची वाटणी

मी, एल्स्पेथ मॅकगिलव्रे, कै. रॉरी, फिरते टिनकाम करणारे, यांची मुलगी, राहणार ॲलिथ, पर्थशायर, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाखाली नसताना लिहिते की, ही माझी अखेरची इच्छा असून आधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. माझी राहती कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, चूल व किटलीसह, भाऊ हेक्टरची मुलगी रोना हिला. दार पावसात फुगते, लाथ घालावी.

२. वडिलांचा हातोडा व पत्र्याची कातर चर्चच्या विक्रीत द्यावी. टिनकाम आता कुणी करत नाही.

३. चुलतभाऊ अँगस याला काहीही देऊ नये. त्याने आमच्या फिरत्या लोकांची कोडी शहरातल्या लोकांना सांगितली, तीही उत्तरं आधीच फोडून. असल्या माणसाला चहासुद्धा विचारू नये.

४. आता आईचं कोडं. रासबेरी तोडणीच्या हंगामात, मळ्यावरच्या शेकोटीपाशी ती ते घालायची: "आईनं मला दिलं, तरी तिच्याकडेच राहिलं; मी कुणाला दिलं नाही, तरी माझ्याकडे उरलं नाही." आमच्यात हार मानल्याशिवाय उत्तर मिळत नाही. हेक्टरने मानली, त्याला मिळालं. आई गेल्यावर दर हंगामात तो मला डिवचायचा.

"काय गं एल्स्पे, हरलीस का?"

"मेले तरी नाही, दादा!"

या हिवाळ्यात त्याला झटका आला. वाचा गेली, आणि लिहायला तो कधी शिकलाच नव्हता. मी इस्पितळात जाऊन म्हटलं, "दादा, हरले रे." मग मीच विचारत गेले: "दूध? आवाज? भूक?" प्रत्येकाला त्याने मान डोलावली. मला संशय आला. म्हटलं, "बरं, मी कोण, ओळख पाहू?" त्याने पुष्कळ विचार केला आणि उघडा तळहात पुढे केला. आमच्यात हरलेला माणूस असाच हात पुढे करतो, उत्तर त्यावर ठेव म्हणून.

मी बाहेर येऊन पोटभर रडले.

रोना म्हणाली, "आत्या, तूच एखादं उत्तर बनव ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल गं."

सबब हे कोडं वारशात कुणालाही दिलेलं नाही. ते माझ्याबरोबर पुरलं जाईल.

५. हेक्टरला मी गेल्याचं सांगू नये. त्याने कधी हात पुढे केलाच, तर रोनाने माझं नाव सांगावं.

सही: एल्स्पेथ मॅकगिलव्रे

आमच्या समक्ष सही केली:
मर्डो गीकी, पोस्टमन
विल्हेल्मिना टॉश, शेजारीण

ॲलिथ, ९ मार्च १९७८