भुंग्याने काय बघावं?

सोमवार, ३ नोव्हेंबर

भुंगा आज दुधाच्या पेल्याला म्हणाली, "आपलं नातं इथेच संपलं. प्लीज, मला परत फोन करू नकोस!"

सात वर्षांची पोर! पेला पुढे ढकलला, मान वळवली, कपाळावरची बट मागे सारली. ती बट तिला नाहीच मुळी, केस एवढेसे आहेत. ह्यांचा चहा नाकात गेला. मला आधी हसू आलं आणि मग धस्स झालं.

"हे कुठे शिकलीस ग?"

"ताईच्या सिनेमात."

ताई म्हणजे आमच्या राणीसरकार. त्या ताटातून मान वर काढेनात. चोराच्या मनात चांदणं!

तर प्रकार असा — दर शनिवारी मी चष्म्याच्या दुकानात कामाला, हे लिफ्ट दुरुस्त करत कुठल्या तरी इमारतीत लटकलेले, आणि घरी ह्या दोघी एका पांघरुणात बसून राणीसरकारांच्या वयाचे सिनेमे बघतात. कॉलेज, प्रेम, भांडणं, भुतं, सगळं. सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलेलं असतं म्हणे, तेरा वर्षांवरील मुलांसाठी. भुंग्याने ते स्वतः वाचलंय. "पण आई, माझी सात आणि ताईची पंधरा, मिळून बावीस होतात ना!"

हिशोब बरोबर आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हे म्हणतात, "मी तिच्या वयाचा असताना खिडकीला लटकून वाट्टेल ते सिनेमे बघायचो. बिघडलो का?"

मी ह्यांच्याकडे नीट पाहिलं.

ह्यांना सोपं आहे. दोघी ह्यांच्या लाडक्या. माझं तसं नाही. भुंगा माझी. तिचा बाप ती तीन वर्षांची असताना निघून गेला तो गेलाच. राणीसरकार ह्यांची. तिची आई आजारात गेली, चार वर्षं झाली. आम्ही चौघं एका घरात येऊन आता कुठे वर्ष होतंय. ती मला मावशी म्हणत नाही, आई म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. काम असलं की "ऐका ना." दिवसभरात पाच वाक्यं बोलली तर माझी दिवाळीच म्हणायची. पण भुंग्याचे केस विंचरते, तिची नखं कापते, तिच्या शंभर प्रश्नांना उत्तरं देते. ह्या घराचे दोन तुकडे कुठे जोडलेले असतील तर त्या शनिवारच्या पांघरुणात.

ते मी ओढून काढायचं? मग जन्मभराची सावत्र आई झालेच मी. आणि नाही काढलं तर माझ्या पोरीच्या डोक्यात काय काय जाऊन बसेल! इकडे आड, तिकडे विहीर.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी माझ्या मुलाला अठरा वर्षं एक सिनेमा बघू दिला नाही हो!" मुलगा आतल्या खोलीत होता. सिनेमाच बघत होता. आवाज बाहेरपर्यंत येत होता!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

धीर करून तिच्या खोलीत गेले. ओरडायचं नाही असं ठरवून गेले आणि दारातच आवाज चढला. माझा स्वभाव! तिने ऐकून घेतलं.

"ऐका ना. मी तिला काहीही दाखवत नाही. मी आधी बघते. मग ठरवते."

"तू कोण ठरवणारी? तू स्वतः पंधरा वर्षांची."

"म्हणून तर."

म्हणून तर काय? पुढे बोलेल तर शपथ. शेवटी तह झाला. ह्यापुढे तिने सिनेमांची नावं मला द्यायची. मी आधी बघायचा. मी 'चालेल' म्हटलं तरच भुंग्यापुढे लावायचा.

"पूर्ण बघणार?" तिने विचारलं.

"अथपासून इतिपर्यंत!"

हे बाहेर उभे राहून ऐकत होते. मी बाहेर आले तर म्हणतात, "वाटाघाटी यशस्वी?" मारावं की हसावं कळेना.

शनिवार, ८ नोव्हेंबर

माझा एकही सिनेमा बघून झाला नाही. म्हणून आज टीव्ही बंद. दुकानातून आले तर एकीचं दार लावलेलं, दुसरी दाराबाहेर पालथी पडून फटीतून आत बघतेय. "ताई, नुसता आवाज तरी दे ना."

घर इतकं गप्प की नळ गळतोय हे आज कळलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन सिनेमे झाले! दुकानातच. मागच्या बाजूला काचा घासायचं मशीन आहे, माझं काम तिथेच. एकदा काच लावली की थांबायचं असतं. फोन फ्रेमांच्या खोक्याला टेकवून ठेवला. मशीनची घरघर, पुढे मालकांची गिऱ्हाइकांशी बडबड. काय ऐकू येणार? आवाज बंदच केला. डोळे आहेत की! दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून खपते, मला दिसणार नाही?

पहिला वसतिगृहातल्या भुताचा. अंधार, सावल्या, जिन्यावर कुणाचा तरी हात. नाही म्हणजे नाही! पोर महिनाभर झोपायची नाही.

दुसरा मात्र गोड. समुद्राकाठचं घर, तीन भावंडं, सारखी हसतात, सारखी खातात. मोठीचं एका मुलावर प्रेम. एक पापा आहे, तोही घाईघाईत. बाप काही दिवस बाहेरगावी जातो. बॅग भरतो, मुलांना जवळ घेतो, छान निरोप देतो. शेवटी सगळे वाळूत नाचतात. चालेल! पळेल!

मला वाटतं मला हे चांगलं जमतंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

निकाल सांगितला. राणीसरकारांच्या भुवया वर.

"भुताचा नाही? आणि समुद्राचा चालेल?"

"चालेल."

"नक्की? मी तो तिला दाखवला नसता."

"का? काय वाईट आहे त्यात?"

"बघितलात ना तुम्ही."

एवढंच. माझं डोकं फिरलं. स्वतः भुतं दाखवणार आणि मला शहाणपण शिकवणार! म्हटलं, "मी बघितलाय, मी सांगतेय, लाव."

"बरं," म्हणाली.

शनिवार, १५ नोव्हेंबर



दुपारी दुकानात फोन आला. राणीसरकारांचा! वर्षभरात पहिल्यांदा. "ऐका ना, तुम्ही येता का? भुंगा पलंगाखालून बाहेर येत नाहीये. आणि बाबांची बॅग सापडत नाहीये, त्यांना कामावर परत जायचंय."

मी चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही.

हे जेवायला घरी आलेले, घरभर अवजारांची बॅग शोधतायत. एका इमारतीत म्हातारं जोडपं लिफ्टमुळे पाचव्या मजल्यावर अडकून पडलंय, फोनवर फोन. मी पलंगाखाली वाकले. भुंगा भिंतीला चिकटून बसलेली. मांडीवर ती बॅग. तिच्याएवढीच जड. दोन्ही हातांनी पट्टा धरलेला.

"बॅग नसली की जाता येत नाही," म्हणाली.

मला काही कळेना. मागून राणीसरकार हळूच म्हणाल्या, "सिनेमातला बाप... तो परत येणार नसतो ना."

"अग, तो बाहेरगावी जातो!"

"नाही. तो सांगतो मुलांना. आता मी इथे राहणार नाही म्हणून." ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही बघितलाय ना पूर्ण?"

मला दुकानातल्या मशीनची घरघर आठवली.

"मी तिथे सिनेमा पुढे पळवणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही चालेल म्हणालात. म्हटलं, तुम्ही आई आहात तिची, तुम्हाला जास्त कळत असेल. माझंच चुकत असेल."

हे मात्र त्या वेळी जे वागले त्यासाठी ह्यांना सगळं माफ! फोन बंद केला. जमिनीवर पालथे झाले, अर्धे पलंगाखाली गेले, पोट अडकलं. तिथूनच म्हणाले, "भुंग्या, उघड बरं ती बॅग. बघ, काय काय आहे?"

बराच वेळ नुसता खणखणाट. पक्कड. पाने. वायरी. टॉर्च. तेलाची बाटली.

"कपडे आहेत?"

"नाहीत."

"दात घासायचा ब्रश?"

"नाही."

"मग? कपडे आणि ब्रश न घेता कुणी घर सोडून जातं का? हा माणूस संध्याकाळी जेवायला घरीच येणार!"

ती विचार करून बाहेर आली. बॅग मात्र तिनेच दारापर्यंत ओढत नेली आणि दारात परत एकदा तपासली. "जा, लिफ्टबाबा. पण लवकर ये."

मी न्हाणीघरात जाऊन रडले. तिच्या बापाने बॅग भरली तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिला काय आठवणार, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत होते. भूत अडवलं आणि सोडून जाणारा बाप घरात घेतला! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी राणीसरकारांना सांगून टाकलं. आवाज बंद होता. मशीन चालू होतं. एक शब्द ऐकला नव्हता.

तिने आधी डोळे मोठे केले. मग ओठ दाबले. मग फुटलीच! खुर्चीवरून खाली बसली, पोट धरून हसली. "म्हणजे तुम्ही — एवढं सगळं — अथपासून इतिपर्यंत — मुका सिनेमा बघून!" मलाही हसू फुटलं. भुंगा धावत आली, तिला कारण ठाऊक नाही, तीही हसली.

कान आणि डोळ्यांत चार बोटांचं अंतर, पाहिलेलं खरं धरावं म्हणतात. माझं नेमकं उलटं झालं.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "तू कसं ठरवतेस? खरंच विचारतेय."

ती पांघरुणाच्या घड्या करत बोलली. म्हणूनच बोलली असेल, माझ्याकडे बघावं लागत नव्हतं. म्हणाली, भुतांनी भुंगा घाबरत नाही. मारामारीने नाही. कुणी कुणाला सोडून गेलं की घाबरते. तिथे ती सिनेमा पुढे पळवते. आणि सुरू करायच्या आधीच तिला शेवट सांगून टाकते. "शेवट माहीत असला की ती घाबरत नाही, नुसती वाट बघते."

"कालचा का नाही सांगितलास?"

"सांगणार होते. पण तो परत येतच नाही, हे तिला कसं सांगायचं?"

मग घडी तशीच हातात धरून म्हणाली, "आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मला कुणी शेवट सांगितला नव्हता. सगळे म्हणायचे, बरी होईल."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. पांघरूण कपाटात ठेवायला गेली तेव्हाच सुटला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ताजी बातमी — भुंग्याने सकाळी ह्यांची बॅग न तपासता जाऊ दिलं! हेच दारात रेंगाळले. "आज बघायची नाही?" "नको, मला शाळा आहे."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा पडला होता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मालकांकडून अर्धा दिवस मागून घेतला. पांघरुणात तिसरी जागा झाली. भुताचा सिनेमा!

नियम नवे. ठरवायचं दोघींनी, मी आणि राणीसरकार. एकीला जरी शंका आली तरी नाही. आणि आवाज मोठा.

शेवट आधी सांगितला गेला — भूत नसतंच, वसतिगृहाचा स्वयंपाकी असतो, त्याला लपून पेटी वाजवायची असते. तरीही जिन्यावर तो हात आला आणि कुणीतरी जोरात किंचाळलं. मीच! काकू धावत आल्या दारापर्यंत.

भुंग्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आई, तो स्वयंपाकी आहे ग. मी आहे ना." आणि राणीसरकारांना म्हणाली, "ताई, आईला हे सिनेमे दाखवायचे की नाही, आपण परत ठरवू या."

दोघी माझ्यावर हसत होत्या. हसू देत. कितीतरी दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

भुंगा चौकशी करून गेली, पेटी शिकायला किती वर्षं लागतात. तेरा वर्षांवरील सिनेमाचा हा असाही परिणाम. कुणी वर लिहून का देत नाही?

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मी भांडी आवरत होते. राणीसरकार दारात येऊन उभ्या.

"ऐका ना. एक सिनेमा आहे. वर्गातल्या सगळ्या मुलींनी बघितलाय."

म्हटलं, "भुंग्याला चालेल का ते बघू की."

"भुंग्यासाठी नाही." नखाने दाराचा रंग खरवडत होती. "त्यात आई जाते म्हणे. तुम्ही आधी बघाल? मी बघू का नको, ते तुम्ही सांगा."

मालकांना लगेच फोन केला, उद्या येत नाही. ते म्हणाले, "का? घरी कुणी आजारी?"

म्हटलं, "नाही हो. माझ्या थोरलीसाठी एक सिनेमा बघायचाय."